मगदुमांची रोजची दवंडी

गुलशनशेठनी फोनवर भाव सांगितला आणि भरतेश मगदूमचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

भाव वाईट होता म्हणून नव्हे. भाव नेमका होता. आभाळ कोसळलं तरी ह्याच्याखाली उतरायचं नाही, असा जो अगदी आतला भाव विकणाऱ्याच्या पोटात असतो, तोच शेठनी दिल्लीत बसून उचलला होता. आता बाजाराची रीत अशी, की घेणाऱ्यानं खालून सुरुवात करायची, विकणाऱ्यानं वरून, आणि मुलाबाळांची ख्यालीखुशाली विचारत, घासाघीस करत मधे कुठेतरी भेटायचं. त्यातच तर व्यापाराची चव. हा गृहस्थ थेट तळाशी जाऊन मांडी घालून बसला.

"मगदूमजी," शेठ म्हणाले, "ह्याच्याखाली मी मागत नाही, ह्याच्यावर तुम्ही मागू नका. दोघांचाही वेळ वाचेल."

"विचार करून सांगतो," म्हणत भरतेशनं फोन ठेवला. विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ह्या हंगामात हे पहिल्यांदा घडत नव्हतं. आधी एकदा त्यानं योगायोग म्हणून सोडून दिलं. नंतर एकदा गुलशनशेठच्या हुशारीचं चारचौघांत कौतुकही केलं. पण पुन्हा? छे! हा योगायोग नव्हे. घरातलंच कुणीतरी फितूर झालेलं आहे.

आणि घरातलं म्हणजे कोण, तर एकच माणूस. दाजी.

हे दाजी म्हणजे भरतेशच्या थोरल्या बहिणीचे, सुलोचनाअक्काचे यजमान, नेमिनाथ चौगुले. तासगावच्या मार्केट यार्डात ‘मगदूम-चौगुले’ ही बेदाण्याची पेढी ह्या दोघांची. बेदाणा घ्यायचा, निवडायचा, विकायचा हे काम भरतेशचं. तो थंड ठेवायचं कोल्ड स्टोरेज दाजींचं. बेदाणा कोल्डमधे गेला की महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे ह्या धंद्यात खरं शहाणपण एवढंच, की केव्हा विकायचं आणि कशाच्या खाली उतरायचं नाही. ते समोरच्याला कळलं की आटोपला कारभार. म्हणून हे दोघं आपला आतला भाव तोंडानं कधी उच्चारतच नसत. वाडवडिलांच्या काळात गुळाच्या नि हळदीच्या सौद्यांत टॉवेलाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा. सरकारनं ती पद्धत बंद केली आणि बरंच केलं. शेतकऱ्याच्या मालाचं काय चाललंय ते शेतकऱ्यालाच दिसायचं नाही. पण मेव्हण्या-मेव्हण्यांनी आपापसात काय करावं ह्याला कायदा लागत नाही. रोज सकाळी दाजी यायचे, खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचे, बोटं बोटांशी बोलायची आणि दिवस सुरू व्हायचा.

"भिंतीला कान असत्यात हे जुनं झालं," दाजी म्हणायचे. "आता पंख्यालाबी असत्यात. बोटांचं बोलणं मात्र कुणाला ऐकू येत न्हाई."

तेव्हा टॉवेलाखाली हात दोन. त्यातला एक माझा. मग उरलं कोण? भरतेशला ह्यात शंकेला जागाच दिसत नव्हती. त्याला स्वतःचाच राग आला, की इतके दिवस आपल्याला हे कळू कसं नये.

आता खरं सांगायचं तर टॉवेल उचलल्यावर भरतेशनं त्या सकाळी आणखी एक गोष्ट केली होती. पण ती तो रोजच करायचा, दात घासावेत तितक्या सवयीनं, त्यामुळे ती त्याच्या लक्षातच आली नाही. त्यानं दवंडी दिली होती.

‘दवंडी’ हे ॲप आता कुणाला ठाऊक नाही असं नाही, तरी सांगतो. वीस शब्दांत जगाला काय सांगायचं ते सांगा, बस. फोटो नाही, नाचगाणं नाही. पुढारी आणि नट त्यावर आधी आले, मग खेळाडू आले, आणि सगळ्यांच्या शेवटी, नेहमीप्रमाणे घासून-पुसून खात्री करत, व्यापारी आले. धंद्याला ह्याचा उपयोग आहे की नाही, ह्यावर यार्डातल्या चहाच्या गाड्यावर इतके वाद झाले की चहावाल्याला मात्र उपयोग नक्की झाला. दाजी पहिल्यापासून विरोधी पक्षात. "गिऱ्हाईक माल बघून येतंय," ते म्हणायचे, "तुझं सुविचार वाचून न्हवं." भरतेशनं मात्र मनावर घेतलं. रोज सकाळी स्वतःच्या हातानं लिहायचं, पगारी पोरं ठेवायची नाहीत, हा त्याचा नियम. एखाद्या दिवशी लिहायचा, ‘पावसानं हुलकावणी दिली, पण घाई कुणाला? पिकलेल्या फळाला आणि कसलेल्या व्यापाऱ्याला थांबता येतं.’ एखाद्या दिवशी, ‘आजच्या बेदाण्याचा रंग बघाल तर नजर हटणार नाही! ग्राहक हाच आमचा देव.’

आणि चाललं की हो ते! इंदूरच्या मिठाईवाल्यानं वाचलं, दुबईच्या दुकानदारानं वाचलं, लोक फोन करून विचारायला लागले, ‘ते सकाळी लिहिणारे मगदूम तुम्हीच का?’ यार्डात भरतेशची छाती फुगली. त्याची बायको राजमती मात्र म्हणायची, "माझ्याशी दिवसभरात वीस शब्द बोलत नाहीत, आणि जगाला रोज वाटतात." ते त्याला चेष्टेतलं वाटायचं, म्हणून तो हसायचा.

तर दाजींवर संशय आला, आणि संशय आला की माणसाला शहाणपणाचे झटके येतात. भरतेशनं सापळा रचला. दुसऱ्या दिवशी टॉवेलाखाली त्यानं दाजींची बोटं दाबली ती खोटी दाबली. खऱ्यापेक्षा बराच वरचा भाव सांगितला. खरा भाव त्यानं कुणालाच सांगितला नाही, राजमतीलाही नाही. आता गुलशनशेठच्या तोंडून तो खोटा भाव आला, की दाजी रंगेहाथ सापडले.

दुपारी शेठचा फोन आला. शेठनी खोटा भाव सांगितला नाही. भरतेशच्या पोटातला खराच भाव सांगितला.

साध्या माणसानं इथं कपाळावर हात मारला असता आणि म्हटलं असतं, अरे, मग दाजींचा ह्यात संबंध कुठं आला? जे त्यांना सांगितलंच नाही ते ते दुसऱ्याला काय सांगणार? पण संशयाचं तसं नसतं. त्याला पुरावा पाहिजेच असतो, आणि उलटा पुरावा मिळाला तर तो सुलटा करून घेता येतो. भरतेश तासभर गादीवर बसून राहिला आणि शेवटी त्याला उलगडा झाला. दाजींनी ओळखलं! इतकी वर्षं हा हात त्यांच्या हातात आहे. बोटं खोटं बोलताहेत हे त्यांना दाबल्याबरोबर कळलं असणार, आणि खरं काय असेल त्याचा अंदाज त्यांनी बांधला असणार. किती पोचलेला माणूस! मनातल्या मनात त्यानं दाजींना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

राखीपौर्णिमेला तो राजमतीला घेऊन अक्काकडे गेला. अक्कानं राखी बांधली, ओवाळलं, नारळीभात वाढला. सगळं नेहमीसारखं होतं. दाजी समोर बसून कोल्डच्या नव्या कॉम्प्रेसरबद्दल काहीतरी सांगत होते. भरतेशनं ताट पुढं सरकवलं.

"दाजी," तो एकदम म्हणाला, "गुलशनशेठनी तुम्हाला काय कबूल केलंय?"

"कशाबद्दल?"

"आपला भाव त्याच्या कानावर घालण्याबद्दल."

दाजींनी भरतेशकडे नुसतं पाहिलं. रागानं नव्हे, ऐकण्यात चूक झाली असावी अशा चेहऱ्यानं.

"तुला असं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"वाटत नाही. मला माहीत आहे."

"वाटतंय म्हणाला असतास तर बोललो असतो," दाजी सावकाश म्हणाले. "माहीतच हाय म्हटल्यावर काय बोलायचं?" आणि ते उठून हात धुवायला गेले.

अक्का मात्र बोलली. अक्का कुणाला ऐकते होय! "ऊठ," ती म्हणाली. "ऊठ त्या पानावरनं. आपले वडील अंथरुणाला खिळले तेव्हा तू दवाखान्यात बसला हुतास आणि पेढी कुणी चालवली रे? ह्या माणसानं. आपली कामं टाकून. तवा न्हाई विकलं तुला, आणि आता विकतोय व्हय? लाज कशी वाटत न्हाई भरत्या तुला!"

भरतेश उठला. दुसऱ्या दिवशी दाजी पेढीवर आले नाहीत. निरोप तेवढा आला: माल कोल्डमधे आहे तसा राहील, इतरांचा राहतो तसा. ‘इतरांचा’ हा शब्द भरतेशला दिवसभर टोचत राहिला. पण त्यानं मनाला बजावलं, की चोर सापडला की तो असाच साळसूदपणा करतो.

पेढीवर आता भाव ठरवायला तो एकटाच होता. टॉवेल नाही, बोटं नाही, दाजी नाहीत. चार दिवसांनी गुलशनशेठचा फोन आला, आणि शेठनी पुन्हा नेमका, अगदी पोटातला भाव सांगितला.

भरतेशनं फोन ठेवला आणि दाजींच्या रिकाम्या जागेकडे बघितलं.

भाद्रपदात जैनांच्या दशलक्षण पर्वासाठी त्याची मुलगी घरी आली. स्वस्ति बंगळूरला भाषा आणि यंत्रं ह्या विषयात काम करायची. एका सकाळी देवदर्शन करून आल्यावर बापानं तिला सगळी हकिगत सांगितली. दाजींना आपण काय बोललो तेही सांगितलं, फक्त आवाज खाली आणून. स्वस्तिनं मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "अप्पा, त्या प्रत्येक दिवशी तुम्ही दवंडी दिली होती?"

"ती तर रोजच देतो. पण दवंडीत मी भावाबद्दल चकार शब्द लिहीत नाही. मी काय खुळा आहे?"

"मजकुरात काही नसतं हो," स्वस्ति म्हणाली. "म्हणून तर तुम्ही बेसावध असता."

मग तिनं बापाला समजावून सांगितलं. वर्षातून एकदा डॉक्टरकडे गेलात, तर नुसत्या नाडीवरून त्याला फार काही कळणार नाही. पण तोच डॉक्टर रोज, त्याच वेळी, त्याच हाताची नाडी बघत राहिला तर? तुम्हाला ताप यायच्या आधी त्याला कळेल. दवंडीचं तसंच आहे. मोठा लेख माणूस विचार करून लिहितो, चार वेळा तपासतो. वीस शब्द तो भरकन्‌ लिहून टाकतो, आणि रोज लिहितो. एक दवंडी म्हणजे काहीच नाही. वर्षानुवर्षांच्या दवंड्या म्हणजे त्या माणसाच्या मनाचा आलेख. दुसऱ्या बाजूला यार्डातले सौद्यांचे भाव सगळ्यांना खुले असतात. यंत्रापुढे दोन्ही ठेवायचं आणि विचारायचं: हा माणूस असं लिहितो तेव्हा पुढं काय भावाला विकतो? उत्तरं चुकत जातात, यंत्र आपलं आपण सुधारत जातं, आणि एक दिवस चुकायचं थांबतं. ‘नाडी’ ह्याच नावाची ही सेवा दिल्लीच्या खरेदीदारांनी केव्हाच घेतली होती.

"मी लहान प्रमाणावर करून बघितलं काल," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. "तुमच्याच दवंड्या घेऊन. तुम्ही घट्ट असता तेव्हा म्हणी लिहिता. शहाणपण शिकवता. ग्राहकाचं नाव काढत नाही. आणि तुमचं मन खचायला लागलं की मालाचा रंग येतो, ‘ग्राहक हाच देव’ येतं, आणि पुढं उद्गारचिन्ह येतं. नेहमीपेक्षा लवकर लिहिता आणि खोडाखोड जास्त करता. खोडलेलं कुणाला दिसत नाही असं वाटतं तुम्हाला, पण ॲपवाले तेही विकतात."

"म्हणजे ते यंत्र माझं मन वाचतं?"

"मन नाही अप्पा, सवय वाचतं. त्याला तुमचं मन बिन काही ठाऊक नाही."

दाजींना तो खोटं सांगून बसला होता, खरं कुणालाही सांगितलं नव्हतं अशी त्याची खात्री होती. आणि त्याच सकाळी त्यानं आपल्या हातानं ते साऱ्या जगाला सांगून टाकलं होतं. रंगाचं वर्णन करून, उद्गारचिन्ह देऊन! फितूर घरातच होता, हे त्याचं खरं निघालं. त्याला आरशात बघवेना.

त्यानं तत्काळ दवंडी बंद केली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आणि मग फोनवर फोन. इंदूरहून, दिल्लीहून, कधी नाव न ऐकलेल्यांचेही. सगळे पाडून भाव मागणारे. मगदूम गप्प झाले म्हणजे मगदूम अडचणीत आले, असं नाडीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. रोज बोलणाऱ्याचं मौन हेही बोलणंच, हे स्वस्तिनं सांगायच्या आधी त्याला बाजारानं शिकवलं. बोललं तर उघडं पडायचं, गप्प बसलं तर बुडायचं, अशी इकडे आड तिकडे विहीर झाली.

मग त्यानंही सगळ्यांनी केलं तेच केलं. ‘मुखवटा’ म्हणून एक यंत्र निघालं होतं, ते भाड्यानं घेतलं. मुखवटा त्याच्या वतीनं रोज दवंडी द्यायचा, त्याच्याच ढंगात, पण खचल्याची खूण लागू न देता. महिन्याभरात यार्डातल्या एकूण एक पेढीनं मुखवटा घेतला. आता मुखवटे लिहीत होते आणि नाड्या वाचत होत्या. माणसं मधनं केव्हा उठून गेली कुणाला कळलं नाही, आणि दवंडी मात्र आधीपेक्षा जोरात वाजत होती. चहाच्या गाड्यावरचा वाद तिथंच मिटला. उपयोग आहे का, असं आता कुणी विचारत नव्हतं. बंद करायची कुणाची टाप नव्हती, एवढंच.

पण नाडी विकणारे काय हात चोळत बसणार होते? लिहिलेलं खोटं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी आवाज धरला. तत्त्व तेच. एखाद्या माणसाचे जुने फोन, वर्षानुवर्षांचे, आपल्याकडं रेकॉर्ड होऊन साठलेले असतात. ते नाडीला ऐकवायचे. मग तो माणूस समोर बसून बोलत असला तरी त्याचा श्वास कुठं अडतो, शब्दाआधी किती थांबतो, ह्यावरून फोनच्या पडद्यावर उमटायचं: ‘मनापासून’, नाहीतर ‘मनाविरुद्ध’. बरोबर किती आणि चूक किती, हे स्वस्ति सांगायची. पण ऐकतो कोण? चुकीचं निघालं तरी ते पडद्यावर लिहिलेलं असायचं ना.

भरतेशनं नाडी घेतली. काट्यानं काटा काढायचा, असं त्यानं राजमतीला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर त्याला गंमत वाटायला लागली. गिऱ्हाईक म्हणतं ‘परवडत नाही’, आणि पडदा म्हणतो ‘मनाविरुद्ध’. कसली सत्ता हातात आली! सवय अशी जडली, की एकदा जेवताना राजमती म्हणाली, "मी रागावलेली नाही," आणि त्यानं ताटाशेजारच्या फोनकडे बघितलं.

राजमतीनं ते पाहिलं. तिनं वाढायचा डाव खाली ठेवला. "अहो," ती म्हणाली, "पडद्यावर काय आलंय ते मला नका सांगू. मी रागावलेय की नाही हे तुम्हाला माझ्याकडं बघून कळत नसेल, तर इतकी वर्षं तुम्ही कुणाबरोबर राहिलात?" आणि ती आत निघून गेली. भरतेशला स्वतःची किळस आली. पण फोन त्यानं बंद केला नाही, तेही खरं.

आणि ह्या सगळ्यावर दाजींचं ओझं होतंच. रोज सकाळी पेढीवर यायच्या वेळी ते यायचे नाहीत, आणि तो रस्त्याकडे बघत राहायचा. यार्डात समोरासमोर आले की दाजी मान हलवायचे, ओळखीच्या कुठल्याही माणसाला हलवावी तशी. घरी अक्काचा फोन आला तर तो राजमतीला असायचा. ‘भरतेश कसा आहे’ एवढंही अक्का विचारत नसे.

पुढच्या वर्षी पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. जैन घरांत ह्या दिवसाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जाणता-अजाणता जे चुकलं असेल त्याची ज्याच्या त्याच्याकडे जाऊन हात जोडून क्षमा मागायची, ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं. सकाळपासून भरतेशच्या फोनवर उत्तम क्षमेच्या दवंड्यांचा पाऊस पडत होता. सगळ्या मुखवट्यांच्या, एकीचा दुसरीशी मेळ बसेल अशा गोड. त्याच्याही मुखवट्यानं पहाटेच साऱ्या जगाची क्षमा मागून टाकली होती. त्यात दाजीही आले, गुलशनशेठही आले.

"मी जाऊन येतो," तो राजमतीला म्हणाला. कुठं, हे तिनं विचारलं नाही. नुसती म्हणाली, "टोपी घाला."

दाजी घराच्या पुढच्या सोप्यावर बसले होते. आधी भेटायला आलेली चार माणसं नुकतीच उठून गेली होती, समोर रिकाम्या कपबशा होत्या. भरतेशला बघून ते उठले नाहीत, आणि बस असंही म्हणाले नाहीत. अक्का दारात येऊन उभी राहिली.

भरतेशनं घरून वाक्यं ठरवून आणली होती. ती सगळी उंबऱ्यातच विसरली. त्यानं दाजींचे पाय धरले.

"दाजी, चुकलो मी," तो म्हणाला. "तुम्ही काही केलं नव्हतं. माझं मीच केलं होतं, आणि तुमच्या नावावर घातलं. मला गेल्या साली ह्या वेळेलाच कळलं होतं. वर्षभर यायचं धाडस झालं नाही. तुमच्याशिवाय पेढीवर बसवत नाही मला. धंद्यासाठी म्हणत नाही, देवाशप्पथ धंद्यासाठी म्हणत नाही." पन्नाशी उलटलेला माणूस लहान पोरासारखा रडत होता.

भरतेशनं डोळे पुसून वर पाहिलं, तर दाजी त्याच्याकडे बघतच नव्हते. ते बघत होते शेजारच्या पाटावर ठेवलेल्या फोनकडे.

दाजींनी! ज्यांनी आयुष्यात कधी दवंडी दिली नाही, त्यांनी.

"मनापासून म्हणतोय," दाजी अक्काला म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. "खरंच बोलतोय गं. पान वाढ त्याला."

"दाजी," भरतेशनं विचारलं, "तुम्ही कधी घेतलंत हे?"

"आवाजाची निघाली तवाच. त्या राखीपुनवंपायी," दाजी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तीस वर्सं ज्यानं माझा हात धरला, त्याला मी कळलो न्हाई. मग मला तरी दुसरं माणूस काय कळणार? आता हे ठेवलंय. बरं पडतं." मग त्यांनी भरतेशच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला उठवलं आणि म्हणाले, "झालं गेलं सोड. माझ्या मनात आता काय न्हाई. उत्तम क्षमा."

भरतेशच्या खिशात फोन थरथरला.

त्याची नाडी चालूच होती. सकाळी पेढीवर लावलेली, बंद करायची राहिलेली. दाजींचे सगळे जुने फोन तिच्यात होतेच. खिशाच्या कापडाआड पडद्यावर एक शब्द उमटलेला होता आणि भरतेशला तो दिसत नव्हता. ‘माझ्या मनात आता काय न्हाई’ हे मनापासून की मनाविरुद्ध? हात आपसूक खिशाकडे गेला. त्यानं तो मागे घेतला. पण दाजींनी पाहिलं होतं.

"काढ की," दाजी म्हणाले. "बघ. मी तुझं बघितलं, तू माझं बघ. त्यात काय लाजायचं?"

अक्का ताट घेऊन बाहेर आली होती. शेवयांच्या खिरीचा वास सोप्यावर दरवळला. ती एकदा नवऱ्याकडे बघे, एकदा भावाकडे.

"नको दाजी," भरतेश म्हणाला. "बघायची काय गरज? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

दाजी हसले, छान हसले. आणि हसता हसता त्यांची नजर क्षणभर पाटावरच्या फोनवर जाऊन आली. मग त्यांनी फोन उचलला, पालथा घातला आणि अक्कासाठी जागा करायला थोडे सरकून बसले.

"जेवा, पाव्हणं," ते म्हणाले.

भरतेश पानावर बसला. ‘माझा विश्वास आहे’ ह्यावर दाजींच्या पडद्यावर काय आलं होतं, हे त्यानं विचारलं नाही. ते त्याला ठाऊक होतं.